पायाची नाडीही बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत ज्येष्ठांच्या पायदुखीवर लेख आला होता. गुडघ्याची झीज, मणक्याचा त्रास, ड जीवनसत्त्वाची कमतरता, सगळं नीट आणि सोप्या भाषेत लिहिलेलं होतं. पण पायाला रक्त नेणारी धमनी अरुंद झाल्यामुळेही पाय दुखतो, याचा त्यात एका ओळीनेही उल्लेख नव्हता. मी शासकीय सेवेतून परिसेविका (वॉर्ड सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा बराचसा काळ सर्जरी वॉर्डात आणि ड्रेसिंग रूममध्ये गेला. पाय कापावा लागलेली माणसं मी फार जवळून पाहिली आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांना त्याआधी महिनोन् महिने कुणी ना कुणी ‘वय झालं आता’ म्हणून मलम आणि दुखीची गोळी देऊन घरी पाठवलेलं होतं. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण पायाच्या नाडीचा भाग तेवढा राहू द्या.

धमनी अरुंद झाल्यामुळे होणाऱ्या दुखण्याची एक ठरलेली रीत असते. माणूस बसलेला असेल तेव्हा काही तक्रार नसते. चालायला लागला की ठरावीक अंतरावर पोटरी भरून येते, आवळल्यासारखी गच्च होते. कुणाची मांडी भरते, कुणाचा कुल्ला. थांबलं की थोड्या मिनिटांत दुखणं आपोआप सुटतं. त्यासाठी बसावंही लागत नाही, नुसतं उभं राहिलं तरी पुरतं. पुन्हा चालायला लागलं की जवळपास तेवढ्याच अंतरावर पुन्हा तेच. चढ असेल किंवा पाय उचलून चाललं तर अंतर आणखी कमी. झिजलेला गुडघा असा वागत नाही, तो बसून उठताना आणि जिना उतरताना जास्त बोलतो. मणक्यात नस दबली असेल तर नुसतं उभं राहून भागत नाही, टेकावं लागतं किंवा कंबरेत पुढे वाकावं लागतं. म्हणून अशी माणसं सायकल आरामात चालवतात. निळ्या फुगलेल्या शिरांचा त्रास दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी वाढतो आणि पाय वर घेतले की कमी होतो. एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात. दुर्दैवाने ओपीडीच्या रांगेत तेवढीच मिळत नाहीत.

आषाढीला आमच्यापैकी अनेकींची ड्युटी पालखी मार्गावरच्या उपचार केंद्रांवर लागायची. तिथे फोड, सोललेल्या टाचा, पेटके, ताप, जुलाब यांची रीघ असते. एका वर्षी मराठवाड्यातल्या एका दिंडीतले साठी ओलांडलेले वारकरी पोटरीला तेल लावून घ्यायला आले. सोबत त्यांच्या पत्नी होत्या. त्याच सांगू लागल्या, “ताई, माउलींचं चालणं आता तुटक झालंय. दोन शेतं ओलांडली की टाळ खाली करून उभे राहतात. कुणी विचारलं तर तंबाखू मळायचं निमित्त करतात.” मी पाय हातात घेतला. नडगीवर केस नव्हते, कातडी ताणल्यासारखी चकाकत होती, अंगठ्याचं नख जाड आणि पिवळं पडलं होतं. जुलैच्या त्या दमट दुपारी उजवं पाऊल कोमट आणि डावं गार लागत होतं. डाव्या पायाची नाडी ना पावलावर लागली, ना घोट्यामागे. तेल लावण्याचं दुखणंच नव्हतं ते. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी त्यांना पुढचं चालणं थांबवायला सांगून जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीची चिठ्ठी दिली. दिंडीच्या ट्रकमध्ये बसावं लागतंय म्हणून त्यांचे डोळे भरून आले होते. वारी चालत करणाऱ्या माणसाला ते किती जड जातं, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

पायात होतं काय, हे आम्ही वॉर्डात उजनीच्या कालव्यावरून समजावायचो, कारण सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ते लगेच पटतं. कालवा गाळाने अरुंद झाला की वरच्यांचं भागतं आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी पोचत नाही. धमनीच्या आतल्या अस्तरात चरबी आणि चुना (कॅल्शियम) साचत जातो, वाट बारीक होते आणि शरीराचं टेल म्हणजे पावलं. बसलेल्या स्नायूला रक्त थोडं लागतं, ते कसंबसं पुरतं. चालताना मागणी कितीतरी पटींनी वाढते, तेवढं रक्त येत नाही आणि स्नायू दुखायला लागतो. आणि हा गाळ सहसा एकट्या पायात नसतो. ज्याच्या पायाच्या धमन्या अरुंद झाल्या त्याच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांमध्येही तोच आजार असण्याची शक्यता मोठी असते. अशा रुग्णाला पाय जाण्यापेक्षा हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होण्याचा धोका जास्त असतो. पोटरीचं दुखणं म्हणून ज्याकडे आपण काणाडोळा करतो ती खरं तर साऱ्या शरीराची खबर असते.

कारणं तीच ओळखीची आहेत. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचा आजार आणि वाढतं वय. यात तंबाखू आणि मधुमेह हे दोघं पायाचे खास वैरी.

सोलापूर हे यंत्रमागाचं आणि विड्यांचं गाव. इथल्या हजारो बायका विड्या वळून घर चालवतात, त्यांच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. पण त्या विडीने काय होतं, ते मी पाहिलं आहे. म्हाताऱ्यांचं सोडा, तिशी-पस्तिशीतले मागावरचे कामगार पायाचं बोट काळं पडलं म्हणून यायचे. साखर नाही, रक्तदाब नाही, कोलेस्टेरॉल चांगलं. फक्त विडी. या आजाराला बर्जरचा आजार म्हणतात. न्यूयॉर्कचे डॉक्टर लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. यात चरबीचा गाळ नसतो. हातापायांच्या बारीक आणि मध्यम रक्तवाहिन्यांना सूज येते, त्यात रक्त गोठतं आणि बोटांच्या टोकापासून वाळायला सुरुवात होते. तंबाखू पूर्ण सोडणं हाच त्यावरचा खात्रीचा उपाय, बाकी सगळं त्याला जोड म्हणून. पूर्ण म्हणजे पूर्ण. दिवसाला एक-दोन विड्या ओढल्या तरी आजार जागा राहतो. विडी सोडून मिश्री लावली, चुना-तंबाखू धरली, तरी निकोटिन शरीरात जातच राहतं. ज्यांनी खरोखर सोडली त्यांचे पाय बहुधा वाचले. ज्यांनी वॉर्डाच्या संडासात लपून ओढली त्यांना आम्ही पुन्हा पुन्हा त्याच खाटेवर पाहिलं. त्यांच्यावर मी चिडलेही आहे, पण व्यसन नुसत्या रागावण्याने सुटत नाही, त्याला मदत लागते. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तो विडीच्या बंडलापेक्षा जास्त लोकांच्या खिशात असायला हवा.

मधुमेहाची गोष्ट वेगळी आणि जास्त फसवी. साखरेने पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे पोटरी भरण्याची ती सूचनाच मिळत नाही. शिवाय माणूस घरातल्या घरात वावरत असेल तर दुखणं उठण्याइतकं चालतच नाही. पहिली खूण म्हणून थेट जखम समोर येते. चप्पल चावली, नख कापताना लागलं, कुरूप ब्लेडने खरवडलं, मेडिकलमधून आणलेली कुरुपाची पट्टी चिकटवली आणि तिने कातडीच खाल्ली, गरम पाण्याच्या पिशवीने शेकताना भाजलं आणि कळलंच नाही. चांगला रक्तपुरवठा असता तर ती जखम भरून आली असती. इथे ती आठवड्यामागून आठवडे तशीच राहते. मग हळद होते, चुना होतो, कुणी पाला वाटून बांधतं, आणि ड्रेसिंग रूममध्ये पट्टी सोडताना वास आधी येतो.

आता पायाच्या नाडीबद्दल. मनगटाची नाडी बघायला कुणाला शिकवावं लागत नाही, पायाची बघायला शिकवावं लागतं. पायाचा अंगठा वर उचला. पावलाच्या पाठीवर एक दोरी ताणलेली दिसेल. त्या दोरीच्या लगत, करंगळीच्या बाजूला, पावलाच्या साधारण मधोमध तीन बोटं हलकी ठेवा. दाबू नका, दाबलं की नाडी दबून जाते. दुसरी जागा घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागे, हाड आणि टाच यांच्यामधल्या खाचेत. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही जन्मतःच लागत नाही, पण घोट्यामागची सहसा लागतेच. म्हणून दोन्ही बघायच्या आणि दोन्ही पायांच्या बघायच्या. नव्या मुलींना शिकवताना मी एक सांगत असे, की आपल्याच बोटांतली नाडी पुष्कळदा रुग्णाची वाटते, तेव्हा दुसऱ्या हाताने रुग्णाचं मनगट धरा. दोन्हीकडचे ठोके एका तालात पडले तरच पायाची नाडी लागली म्हणा.

नाडी मंद लागली किंवा लागलीच नाही तर पुढची तपासणी आहे. ती सुई न टोचता, कुठलंही इंजेक्शन न देता, साध्या कॉटवर होते. रुग्णाला पाच-दहा मिनिटं उताणं स्वस्थ झोपवायचं. आधी दोन्ही दंडांचा रक्तदाब घ्यायचा. मग तोच पट्टा घोट्याच्या जरा वर गुंडाळायचा. नाडीच्या जागी जेल लावून पेनाएवढा डॉपलर (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र) टेकवायचा. त्यातून रक्ताचा वाहता आवाज येतो, सूं-सूं असा, ठोक्यागणिक. पट्टा फुगवत न्यायचा, आवाज बंद पडतो. हवा हळूहळू सोडायची, आवाज पुन्हा ऐकू आला तो आकडा टिपायचा. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. निरोगी माणसात घोट्याचा दाब दंडाइतका किंवा थोडा जास्तच असतो, म्हणजे उत्तर १ ते १.४ च्या मध्ये येतं. ०.९ किंवा त्याखाली आलं तर धमनी अरुंद झाली आहे. दंडाला १५० आणि घोट्याला ९० भरलं तर उत्तर ०.६ आलं, म्हणजे आजार चांगलाच आहे. मात्र १.४ च्या वर आकडा आला म्हणून खूश होऊ नये. जुन्या मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात धमनीच्या भिंतीत इतका चुना बसतो की पट्ट्याने ती दबतच नाही आणि आकडा खोटा मोठा दिसतो. तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. वयाची ६५ वर्षं ओलांडलेल्या सगळ्यांची आणि पन्नाशीनंतर मधुमेह किंवा तंबाखू असलेल्यांची ही तपासणी व्हावी असं अनेक तज्ज्ञ सांगतात.

यासाठी लागतं काय? रक्तदाबाचं यंत्र बहुतेक उपकेंद्रांत असतं. राहिला तो छोटा डॉपलर. प्रसूती विभागात बाळाचे ठोके ऐकायला डॉपलर असतो, तो बघून पुष्कळांना वाटतं की हेच काम त्याने होईल. बाळाचा प्रोब, म्हणजे अंगाला टेकवायचा भाग, दोन-तीन मेगाहर्ट्झचा, खोलवर ऐकणारा. पायाच्या धमन्या कातडीलगत असतात, त्यांना आठ मेगाहर्ट्झचा प्रोब लागतो. सोनोग्राफी यंत्राच्या मानाने ही वस्तू अगदीच स्वस्त आहे. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात असा एक डॉपलर आणि तो वापरायला शिकलेल्या दोन परिचारिका असाव्यात, ही माझी पहिली मागणी. डॉक्टरांच्या बदल्या होतात, पदं रिकामी राहतात, आणि ही तपासणी परिचारिका उत्तम करू शकते.

आजार वाढला की दुखणं रात्रीचं सुरू होतं. त्याची खूण मी घराघरांतल्या सुनांना आणि लेकींना मुद्दाम सांगते, कारण रात्री त्याच जाग्या असतात. एक मावशी ॲडमिट होत्या, मिश्री लावणाऱ्या, साखरेच्या जुन्या रुग्ण. त्या म्हणायच्या, “सिस्टर, पाय खाटेखाली लोंबता सोडला की जरा डोळा लागतो.” घरी सून बिचारी माया म्हणून पायाखाली उशी देत होती. सूज असली की पाय वर ठेवायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण इथे त्याच्या उलट होतं. रक्त आधीच कमी, त्यात पाय उंच धरला की तेवढंही पोचत नाही आणि कळा वाढतात. खाली सोडला की वजनाने थोडं रक्त उतरतं आणि बरं वाटतं. त्यांचा पाय वर उचलला की पांढराफटक व्हायचा आणि खाली सोडला की थोड्या वेळात जांभळट लाल. लाल दिसतोय म्हणजे रक्त आहे, असं घरच्यांना वाटत होतं. पावलात आणि बोटांत रात्री कळा येत असतील आणि पाय खाली सोडल्यावर बरं वाटत असेल, तर रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरकडे त्याच आठवड्यात जावं. सुजेसाठी म्हणून जे घट्ट मोजे देतात तेही नाडी बघितल्याशिवाय घालू नयेत. उरलासुरला पुरवठा त्यांनीच बंद होऊ शकतो.

आणि आता जे सांगते ते मला सर्वांत जास्त सलतं. बोट काळं पडलं म्हणून बोट काढतात. जखम भरत नाही. मग अर्धं पाऊल काढतात. तीही भरत नाही. मग गुडघ्याखाली, आणि काही वेळा गुडघ्याच्या वर. प्रत्येक वेळी घरचे सही करतात, प्रत्येक वेळी त्यांना वाटतं की आता संपलं. काही केसपेपरांवर मी शोधून पाहिलं आहे, पहिलं बोट काढण्याआधी त्या पायात रक्त किती पोचतंय हे कुणी मोजल्याची नोंदच नसायची. रक्तच नसेल तर टाके भरणार कशाने? ज्या जागेपर्यंत रक्त पोचतं त्या जागेपर्यंतच जखम भरते. वाट आधी मोकळी केली असती तर त्यांपैकी काहींचं नुकसान एका बोटावर थांबलं असतं. विषारी पू अंगात पसरत असेल तेव्हा जीव वाचवायला ताबडतोब कापावं लागतं, तिथे थांबायला वेळ नसतो, हे मी जाणते. पण वाळलेलं, कोरडं काळं बोट घेऊन आलेल्या माणसाच्या हाताशी वेळ असतो. तो डॉपलरसाठी वापरावा. अशा रुग्णाच्या नातेवाइकांनी सहीआधी न घाबरता विचारावं, “साहेब, पायाचा रक्तपुरवठा तपासला का? वाट मोकळी करता येईल का?” हा प्रश्न उद्धट नाही.

वाट मोकळी करता येते, हेच पुष्कळांना माहीत नाही. हृदयाची अँजिओप्लास्टी आज गल्लीत कुणालाही विचारा, माहीत असते. पण अँजिओप्लास्टीची सुरुवात पायापासून झाली. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड इथे डॉ. चार्ल्स डॉटर यांच्याकडे ८२ वर्षांच्या एक बाई आल्या होत्या. पावलाला गँगरीन झालेलं, सर्जन पाय कापायचं म्हणत होते आणि बाई नकार देत होत्या. डॉटर यांनी मांडीतल्या अरुंद धमनीतून तार नेली, तिच्यावरून आधी बारीक आणि मग जाड नळी सरकवली आणि वाट रुंद केली. आज वाट रुंद करायला जो फुगा वापरतात तो तेव्हा नव्हताच. पाय गरम झाला, जखमा भरल्या आणि हयात असेपर्यंत त्या बाई स्वतःच्या पायांवर चालल्या. पुढे झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७४ मध्ये पायाच्या धमनीत फुगा वापरला आणि त्यानंतर १९७७ मध्ये हृदयाच्या धमनीत. आमच्या एका सर्जननी ही हकीकत वॉर्डात सांगितली होती. तेव्हापासून मी ती प्रत्येक घाबरलेल्या नातेवाइकाला सांगत आले. आज फुगा आहे, वाट उघडी ठेवणारी जाळी म्हणजे स्टेंट आहे, आणि वाट फार लांबवर बंद असेल तर पायातलीच शीर काढून बायपास करता येतो. सगळ्यांना जमतं असं नाही, पण विचारायच्या आधीच पाय हरलेला मानू नये.

उलट बाजूही सांगते. चालताना पोटरी भरते एवढीच तक्रार असलेल्या बहुतेकांचा पाय कधीच कापावा लागत नाही, आणि त्यांतल्या अनेकांना अँजिओप्लास्टीही लागत नाही. त्यांना लागतं ते चालणं. दुखतं म्हणून माणूस खुर्ची धरतो, आणि तिथेच नुकसान होतं. आठवड्यातून किमान तीन दिवस, अर्धा-पाऊण तास चालायचं. पोटरी चांगली भरेपर्यंत चालायचं, थांबायचं, सुटली की पुन्हा निघायचं, थांबण्याचा वेळ त्या अर्ध्या तासात आला तरी चालतो. असं किमान १२ आठवडे नेटाने केलं तर न थांबता चालण्याचं अंतर वाढतं, हे सिद्ध झालेलं आहे. पावलावर जखम असेल किंवा बसल्या जागी कळा येत असतील तर मात्र हे नाही, आणि हृदयाचा त्रास असलेल्याने डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. पारावरच्या मंडळींनी एकमेकांना सोबत द्यावी. एकट्याने हा नेम टिकत नाही, सोबतीने टिकतो.

गोळ्यांबद्दल एक तक्रार नेहमी ऐकली. “माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आलंय, मग ही रात्रीची गोळी कशाला?” स्टॅटिन गटातली ती गोळी नुसता आकडा खाली आणायला नसते. धमनीतला गाळ फुटू नये आणि झटका येऊ नये म्हणून ती असते, म्हणून आकडा चांगला आला तरी चालू राहते. रक्त गोठू नये म्हणून ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल यांपैकी एक देतात. सिलोस्टॅझॉल नावाची गोळी चालण्याचं अंतर थोडं वाढवते, पण ज्याचं हृदय कमजोर झालंय त्याला ती चालत नाही. म्हणून शेजाऱ्याला लागू पडली म्हणून त्याच्या चिठ्ठीवर आणू नये. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणं तर आलंच.

एक प्रसंग असा असतो की त्यात रात्रही थांबायचं नसतं. पाय अचानक दुखायला लागला, पांढरा आणि गार पडला, बधिर झाला, बोटं हलेनाशी झाली, तर धमनी एकदम बंद पडलेली असते. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्यांच्या हृदयातून रक्ताची गाठ सुटून असं होतं, किंवा आधीच अरुंद झालेल्या जागी रक्त गोठतं. हातात साधारण सहा तास असतात. शेकू नका, चोळू नका, आणि जिथे रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयात थेट न्या. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या माणसाचा बराच वेळ वाटेतच जातो. त्यात मलमपट्टीवाल्याकडे थांबून आणखी वेळ घालवला तर पाय राहत नाही.

खर्चाची भीती खरी आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, कुठल्या रुग्णालयात होते, हे आधी त्याला विचारावं. मग दागिने आणि जमीन यांचा विषय काढावा.

माझी दुसरी मागणी याहून साधी आहे. मधुमेहाच्या प्रत्येक ओपीडीत, सरकारी असो की खासगी, रुग्णाने खुर्चीत बसताच चप्पल-बूट आणि मोजे काढावेत आणि कुणीतरी दोन्ही पावलांना हात लावावा. बोटांच्या बेचक्या, टाचा, नाडी. एक मिनिटाचं काम आहे. तीस वर्षांवरच्या लोकांची साखर आणि रक्तदाब तपासायला आशाताई आणि समुदाय आरोग्य अधिकारी गावोगाव फिरतात, मनापासून काम करतात. त्यांनी ‘चालताना पोटरी भरते का आणि थांबल्यावर सुटते का’ हा एक प्रश्न न चुकता विचारला तरी कितीतरी पाय वेळेत सापडतील. आरोग्य विभागाने तेवढी सूचना काढावी.

आणि आपल्याला एक विनंती. पुढच्या एखाद्या पुरवणीत पावलाचं आणि घोट्याचं साधं रेखाचित्र छापावं आणि नाडीच्या दोन जागांवर टिंब द्यावं. लोक ते कापून कपाटाच्या दारावर लावतील. चित्र मी काढून पाठवू शकते. प्रशिक्षणाच्या वर्गात फळ्यावर ते अनेकदा काढलेलं आहे. तपासून घ्यायला एखादे व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन आपल्या ओळखीत असतीलच.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका,
सोलापूर